६० रो-हाउसना गरम पाण्याची एकच लाइन : नाशिकच्या हवेत हे गणित कसं बसतं

मखमलाबादच्या पुढे ६० रो-हाउसची एक वसाहत आहे. तिथल्या समितीचं काम पाहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा : क्लबहाउस आणि पार्किंगच्या छतांवर मिळून ४० किलोवॅटचे सोलर पॅनल बसवायचं ठरलंय. ड्रेनेजसाठी रस्ते या उन्हाळ्यात खोदायचेच आहेत. डेन्मार्कमध्ये ५०-५५ अंशांच्या पाण्याचं जाळं अख्ख्या गावाला घालतात असं वाचनात आलं. मग त्याच चरात आपणही पाइप टाकले आणि क्लबहाउसमधून सगळ्या घरांना गरम पाणी दिलं तर? एक सल्लागार म्हणतो ७० अंशांचं पाणी सोडा, दुसरा म्हणतो ४५ पुरे. कोणाचं ऐकावं?

ताई, तापमानाचा वाद दोघांनाही थोडा वेळ बाजूला ठेवायला सांगा. तुमच्या नकाशात मला पहिल्यांदा खटकली ती पाइपची लांबी. घरांच्या जोडण्या धरून ६०० मीटर चर म्हणजे जाणारी आणि परत येणारी लाइन मिळून १,२०० मीटर पाइप. त्यातून तुम्ही विकणार काय, तर आंघोळीचं पाणी. एक मीटर पाइपमागे दिवसाला किती उष्णता खरोखर वापरली जाणार, या एका आकड्यावर असल्या योजना तरतात किंवा बुडतात. हॉस्टेलं, दवाखाने, हॉटेलं, त्र्यंबकेश्वरकडची भक्तनिवासं यांच्या गरम पाण्याचं काम मी करतो. तिथे हा आकडा चांगला येतो, कारण एका उभ्या इमारतीत माणसं दाटीने राहतात आणि पाइप थोडा लागतो. रो-हाउसमध्ये नेमकं उलट असतं.

आधी डेन्मार्कचं पाहू, कारण ती कल्पना चुकीची नाही, फक्त तिथली गरज वेगळी आहे. शहराला एका ठिकाणाहून उष्णता पुरवायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत वाफेवर सुरू झाली. पुढे वाफेऐवजी दाबाखालचं १०० अंशांवरचं पाणी आलं, मग कारखान्यातच इन्सुलेशन चढवलेल्या पाइपमधलं १००च्या खालचं पाणी. आता ज्याला चौथी पिढी म्हणतात तिच्यात पाणी ५० ते ६० अंशांवर जातं आणि २५-३० वर परत येतं. डेन्मार्कमधली जवळपास दोन तृतीयांश घरं अशा कुठल्या ना कुठल्या जाळ्यावर आहेत. तिथे वर्षातले बरेच महिने खोल्या तापवाव्या लागतात. खोल्यांच्या फरशीखालून फिरवलेल्या नळ्यांना ३५ अंशांचं पाणी पुरतं, त्यामुळे तापमान उतरवणं सोपं गेलं आणि उतरवल्यावर सौरऊर्जा व हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं, उलट्या एसीसारखं विजेवरचं यंत्र) दोन्ही परवडू लागले. मार्स्टल नावाच्या छोट्या डॅनिश गावाने तर ७५,००० घनमीटरचा खड्डा करून उन्हाळ्यातलं गरम पाणी हिवाळ्यासाठी साठवलं.

तुमच्यासारख्या वसाहतीला जवळचं उदाहरण कॅनडातलं आहे. अल्बर्टा प्रांतातल्या ओकोटोक्स गावात ड्रेक लँडिंग नावाची ५२ घरांची वसाहत २००७ मध्ये सुरू झाली. गॅरेजच्या छपरांवर ८०० सौर संग्राहक, आणि त्यांनी उन्हाळ्यात गोळा केलेली उष्णता जमिनीत साठवायला १४४ बोअर. उन्हाळा संपेपर्यंत जमीन ८० अंशांच्या आसपास तापायची आणि उणे ३० च्या थंडीत तीच उष्णता घरात यायची. घरं तापवायला लागणाऱ्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त उष्णता सूर्याची होती, एका हंगामात तर पूर्ण १०० टक्के. अभियांत्रिकी म्हणून अप्रतिम काम. पण यंत्रणा जुनी झाली, बिघडलेले भाग बदलणं ५२ घरांच्या खर्चात बसेना, आणि २०२४ मध्ये ती बंद करायचा निर्णय झाला. घरं गॅसच्या भट्टीवर गेली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तुमचीही ६० च घरं आहेत. पंधरा वर्षांनी पंप, कंट्रोल पॅनल, गळकी लाइन यांचा खर्च त्याच ६० दारांवर वाटला जाणार.

आता नाशिक. खोल्या तापवायचा विषय इथेच संपवू. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, बागायतदार द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, शहरातही पहाटे दहाच्या खाली जातो. पण दुपारी पुन्हा २७-२८. असे कडाक्याचे दिवस वर्षाला मोजकेच. त्यासाठी भिंतीत नळ्या घालणं म्हणजे पैसे गोदावरीत सोडणं. खिडक्यांच्या फटी बुजवा, बाकी गोधडी आहेच.

उरली आंघोळ. चौघांचं घर, माणशी ४० लिटर, म्हणजे ४० अंशांचं १६० लिटर पाणी. हिवाळ्यात टाकीतलं पाणी १८ अंशांवर असतं. १,००० लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ युनिट (विजेच्या मीटरवरचंच युनिट, उष्णताही त्यातच मोजू) लागतात, त्या हिशेबाने २२ अंशांच्या फरकाला घरटी ४ युनिट उष्णता. भांडी, थोडी धुणी धरून ५ म्हणा. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी मुळातच २८ च्या वर, दुपारी तर हात भाजेल इतकं, तेव्हा गरज निम्म्यावर येते. तुम्ही लिहिलंय की ६० पैकी साधारण ४५ घरं राहती आहेत, बाकीची मुंबई-पुण्याच्या मालकांची, सुट्टीपुरती उघडतात. म्हणजे सगळ्या वसाहतीची गरज हिवाळ्यात रोज सुमारे २२५ युनिट आणि एप्रिल-मेमध्ये ११० च्या आसपास.

याच्यासमोर पाइपमधून वाया जाणारी उष्णता ठेवा. बरं इन्सुलेशन असलेल्या, ६० अंशांचं पाणी वाहणाऱ्या बारीक पाइपमधून मीटरमागे साधारण ८ वॅट बाहेर जातात. कारखान्यातून पफ (पॉलियुरेथेनचा फोम) भरून आलेला पाइप असेल तर थोडे कमी, साइटवर गुंडाळलेला फोम असेल तर बरेच जास्त. १,२०० मीटरला ८ वॅट म्हणजे ९.६ किलोवॅट. लाइन दिवसरात्र फिरत ठेवली तर २३० युनिट. हिवाळ्यात जेवढं घरांना देणार तेवढंच मातीला, आणि उन्हाळ्यात मातीला घरांच्या दुप्पट! ७० अंशांवाल्या सल्लागाराचं ऐकलंत तर याहून वाईट.

आता ४५ वाल्याचं घेऊ. घरापर्यंत ४५ पोचावं म्हणून पाणी ४८ अंशांवर सोडलं आणि जमीन २५ वर धरली तर फरक ३५ अंशांवरून २३ वर येतो. उष्णतेची गळती त्याच प्रमाणात कमी होऊन १५० युनिटच्या आसपास. एक तृतीयांश वाचले, हे खरं. पण १५० अजूनही २२५ च्या निम्म्याहून जास्त आहेत. तापमान उतरवून आजार कमी झाला, गेला नाही.

तेच तापमान ठेवून लाइन फक्त सकाळी ५ ते ९ फिरवली तर? चार तासांची गळती २५ युनिट. पाइपमध्ये भरलेलं सुमारे ८०० लिटर पाणी रोज थंड होणार, त्याचे आणखी २१. एकूण ४६. म्हणजे २३० वरून १५० वर यायला तापमान लागलं आणि १५० वरून ४६ वर यायला नुसतं घड्याळ. मात्र घड्याळाला लोक लागतात. सातपूर-अंबडला तिसरी पाळी करून येणारा सकाळी आठला आंघोळ करतो, तो बसेल. दुसऱ्या पाळीवाला रात्री बाराला घरी येतो, तो बसणार नाही. बाळंतिणीच्या घरी दिवसभर पाणी हवं. समितीच्या बैठकीत टायमर दोन महिन्यांत २४ तासांवर जातो हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय, त्यामुळे निव्वळ टायमरवर उभं असलेलं गणित मी गृहीत धरत नाही.

म्हणून लांबी. तुमच्या नकाशात रो-हाउस पाठीला पाठ लावून आहेत, हे तुमचं भाग्य. चार इकडची, चार तिकडची अशी आठ घरं एका सामाईक मागच्या भिंतीला टेकतात आणि सगळ्यांची न्हाणीघरंही मागच्याच बाजूला आहेत. त्या आठ घरांचा एक गट धरा, गटाच्या मधोमध एक टाकी आणि एक हीट पंप. दर्शनी ६ मीटरच्या घरांना भिंतीवरून २४ मीटर लाइन, शिवाय घरटी एखादा मीटर जोडणी. जाणारी-येणारी मिळून गटाला ६४ मीटर, आणि अशा साडेसात गटांना ४८० मीटर. १,२०० च्या निम्म्याहूनही कमी. पाइपही बारीक, आत पाणी कमी. लाइन ५० अंशांवर २४ तास फिरवली तरी सगळ्या गटांची मिळून गळती ६५ युनिटच्या आसपास, आणि सकाळपुरती फिरवली तर १७-१८. रात्री बाराला आंघोळ करणारा ज्या गटात आहे तेवढ्याच गटाचा टायमर वेगळा लावता येतो, हा वरचा फायदा. पंप बिघडला तर ६० ऐवजी आठ घरं ओरडतील.

आणि रस्त्याखाली काहीच जात नाही. आपल्याकडची जमीन एक तर काळी, नाही तर चार फुटांवर कातळ. काळ्या मातीतला चर पावसाळ्यात पाण्याने भरतो, आणि पाइपवरचं आवरण एका जोडाला जरी उघडं राहिलं तरी आतलं इन्सुलेशन ओलं होतं. ओलं इन्सुलेशन म्हणजे इन्सुलेशन नाहीच. पाण्याची गळती शोधायला नवा रस्ता फोडावा लागतो. मागच्या भिंतीवरची लाइन डोळ्यांसमोर राहते. फक्त काळा फोम उघडा ठेवू नका, नाशिकचं ऊन त्याचा दोन-तीन वर्षांत भुगा करतं आणि उरलेलं खारी पळवतात. वरून अॅल्युमिनियमचा पत्रा हवाच. तेव्हा ड्रेनेजचे चर खोदताना गरम पाण्याचा पाइप टाकू नका, पण क्लबहाउसपासून प्रत्येक गटापर्यंत विजेच्या आणि कंट्रोलच्या केबलसाठी रिकाम्या नळ्या जरूर टाकून ठेवा. पॅनलमधली वीज तारेतून न्यायला नुकसान नगण्य. उष्णता वापराच्या जागी, भिंतीपलीकडे तयार करा.

तापमानाकडे आता येतो, कारण तिथे खाली जाण्याला एक मर्यादा आहे आणि ती गळतीने ठरत नाही. लेजिओनेला नावाचा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात गेला तर गंभीर न्यूमोनिया करतो. ४५ अंशांवर नळाचं पाणी साठवून ठेवणं म्हणजे त्याला घर बांधून देणं. म्हणून जगभर साधा संकेत असा की नळाचं पाणी साठवायचं असेल तर टाकीत ६०, आणि फिरणारी लाइन परत येताना ५० च्या खाली नको. आपल्याकडे बादलीने आंघोळ करणारे बरेच, तुषार कमी, पण तुमच्या घरांत शॉवर आहेत आणि वयस्कर माणसंही आहेत.

मग डॅनिश लोक ५० वर कसं भागवतात? ते जाळ्यातलं पाणी नळाला देतच नाहीत. जाळ्याचं पाणी बंद फेऱ्यात फिरतं, घराच्या दाराशी एक प्लेट हीट एक्स्चेंजर (पातळ पत्र्यांच्या एका बाजूने जाळ्याचं पाणी, दुसऱ्या बाजूने नळाचं) असतो, आणि नळ उघडला की पिण्याचंच ताजं पाणी त्या पातळ पत्र्यांमधून जाता-जाता तापतं. साठा नाही, त्यामुळे जिवाणूला वेळच मिळत नाही. जर्मनीच्या नियमांत एक मोजमाप आहे : तापवण्याच्या जागेपासून नळापर्यंतच्या पाइपमध्ये ३ लिटरहून जास्त पाणी नको. खरं कमी तापमान हवं तर हाच मार्ग, आणि माझ्या मनाला तोच जास्त पटतो.

पण इथे तुमच्या गच्चीवरच्या टाक्या आड येतात. रो-हाउसला पाणी गच्चीवरच्या टाकीतून उताराने येतं. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात टाकीची उंची जेमतेम दोन-तीन मीटर, म्हणजे ०.२ ते ०.३ बारचा दाब. प्लेट एक्स्चेंजर स्वतःच जवळपास तेवढा दाब खातो. बसवला तर शॉवरमधून धार नाही, ठिबक येईल. युरोपात शहराच्या पाण्यालाच तीन-चार बारचा दाब असतो, म्हणून तिथल्या माहितीपत्रकात ही अडचण लिहिलेली सापडत नाही. घरोघरी प्रेशर पंप असेल तर प्रश्न मिटला. दुसरी गोष्ट क्षारांची. गंगापूर धरणाचं महापालिकेचं पाणी त्या मानाने सौम्य आहे, पण तुमच्याकडे उन्हाळ्यात बोअर आणि टँकर मिसळतो असं तुम्हीच लिहिलंय. आपल्या बेसाल्टमधल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं. पातळ पत्र्यांच्या फटीत क्षार बसले की वर्ष-दोन वर्षांत आम्लाने धुवावे लागतात. पाणी ५५ च्या खाली ठेवलं तर क्षार कमी बसतात.

त्यामुळे हा निर्णय मी इथे बसून देऊ शकत नाही. घरांत प्रेशर पंप आहेत किंवा लावायची तयारी आहे, आणि पाणी मऊ करायची सोय आहे, तर गटाच्या टाकीत बंद फेऱ्याचं पाणी ५२-५५ वर ठेवा आणि घरोघरी प्लेट लावा. निव्वळ उतारावर चालणारी घरं असतील तर नळाचंच पाणी टाकीत ६० वर ठेवा, लाइन ५५ वर सोडा, परतीची लाइन ठेवा. मग ५५ हेच तुमचं कमी तापमान. ६४ मीटरच्या गटात ते परवडतं, १,२०० मीटरच्या जाळ्यात परवडलं नसतं, हा लांबीचा आणखी एक फायदा. दुसऱ्या मार्गात मुलांच्या न्हाणीघरात मिश्रण करणारा व्हॉल्व्ह विसरू नका. ६० अंशांच्या पाण्याने लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते.

आणखी एक बारीक पण भांडणं लावणारी गोष्ट. थंड पाणी प्रत्येक घराच्या आपापल्या टाकीतून आणि गरम पाणी गटाच्या टाकीतून येणार, म्हणजे दोन्हींचे दाब वेगळे. मिक्सर अर्धा उघडा राहिला की जास्त दाबाकडचं पाणी कमी दाबाच्या लाइनमध्ये शिरतं. एका घराची थंड पाण्याची टाकी कोमट होते, आणि गरम पाण्याचं मीटर फिरत राहतं. प्रत्येक घराच्या जोडणीला दोन्ही लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, आणि गटाच्या टाकीला पाणी देणारी टाकी गच्चीवरच्या टाक्यांच्याच पातळीला ठेवा. बोलीपत्रात हे लिहिलं नाही तर प्लंबर ते करणार नाही.

आता उष्णता कशाने करायची. बऱ्याच जणांना वाटतं की पाणी तापवायचं तर ट्यूबवाला सोलर हीटरच, पॅनलची वीज कशाला जाळायची. पूर्वी ते बरोबर होतं. आजचा हिशेब असा : नाशिकमध्ये १ किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं आणि पावणेपाच चौरस मीटर जागा घेतं. म्हणजे चौरस मीटरला ०.८५ युनिट. हीट पंप एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता देतो, की झाले ३ युनिट. चांगला सौर संग्राहकही चौरस मीटरला अडीच-तीनच देतो. जागेच्या हिशेबाने दोघे बरोबरीत. फरक असा की मे महिन्यात संग्राहकाची जास्तीची उष्णता वायाच जाते, पॅनलची वीज रस्त्यावरच्या दिव्यांना, बोअरच्या मोटारीला लागते. सोलर हीटर मात्र साधा आहे, कोणीही दुरुस्त करतो. हीट पंपाचा कॉम्प्रेसर गेला तर माणूस दोन दिवसांत येईल का, हे विकणाऱ्याला आधी विचारा आणि वार्षिक करारात लिहून घ्या. ज्या घरांवर आधीच चालू स्थितीतला सोलर हीटर आहे त्यांना या योजनेत ओढू नका.

हीट पंप पहाटे चालवायचा नाही, ही सवय सुरुवातीपासून लावा. जानेवारीत पहाटे हवा दहा अंशांवर असते तेव्हा तो एका युनिटला तीनपेक्षा कमी देतो. त्याच दिवशी दुपारी २७ अंशांच्या हवेत साडेतीनच्या वर. पॅनलही तेव्हाच जोरात असतं. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात टाकी भरून तापवून ठेवायची. आठ घरांच्या गटाला हिवाळ्यात आंघोळीचे ४० आणि गळतीचे ६ मिळून ४६ युनिट उष्णता लागली तर वीज १३ युनिट. सहा तासांत हे काम करायला ८ किलोवॅट उष्णता देणारा, म्हणजे साधारण सव्वादोन-अडीच किलोवॅट वीज खाणारा हीट पंप पुरतो. ६० वरून २० पर्यंतच्या फरकात १,००० लिटरची टाकी ४६ युनिट साठवते. मी १,५०० ची घेईन, पाहुणे येतात आणि इन्सुलेटेड टाकीतलं गरम पाणी हा विजेचा सर्वांत स्वस्त साठा आहे. बॅटरीच्या फंदात यासाठी पडू नका. सगळे गट धरून पॅनल लागेल २५ किलोवॅटच्या आसपास, तुमच्या ४० मध्ये आरामात बसतं.

कॅनडासारखा ऋतूंचा साठा आपल्याला लागत नाही. त्यांच्याकडे ऊन उन्हाळ्यात आणि गरज हिवाळ्यात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारी, जेव्हा गरम पाणी सर्वांत जास्त लागतं, आकाश निरभ्र असतं. आपला अवघड काळ जुलै-ऑगस्ट. त्र्यंबकच्या बाजूने ढग येऊन बसले की दिवसच्या दिवस पॅनल निम्म्यावर चालतात. ती तूट नेट मीटरिंगने भरते, एप्रिल-मेमध्ये महावितरणला दिलेल्या जास्तीच्या युनिटांच्या बदल्यात. हे हिशेब आर्थिक वर्षाला बांधलेले असतात आणि दिवसाच्या वेळेनुसार दरांचे आदेश बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यातला ताजा आदेश वाचूनच आकडे मांडा. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांचं अनुदान आहे, घरटी ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅटच्या मर्यादेत. तुमच्या गटांचे हीट पंप सामाईक मीटरवर घेणार का, हे आधी महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. नंतर जोडणी बदलणं डोकेदुखी असते.

बिलाचं गणितही आधी ठरवा. बंद घरांचे मालक म्हणणार, आम्ही वापरतच नाही, पैसे का द्यायचे? लाइनची गळती मात्र त्यांच्या दारावरूनही जाते. स्थिर आकार सगळ्यांना सारखा, आणि वापराचा आकार गरम पाण्याच्या मीटरवर, ही पद्धत मला कमी भांडणाची वाटते. एखाद्या गटात आठपैकी तीनच घरं राहती असतील तर तो गट सध्या करूच नका. तिथे घरोघरचा गिझर किंवा छोटा सोलर हीटर स्वस्त पडेल. मोठ्या जाळ्यात ही मुभा मिळाली नसती.

एकच मध्यवर्ती प्लांट मी कुठे सुचवतो, हेही सांगतो, नाहीतर मी त्याच्या विरोधातच आहे असं वाटेल. सात-आठ मजली इमारत, २०० मुलांचं हॉस्टेल, दवाखाना, सिंहस्थासाठी बांधली जाणारी मोठी भक्तनिवासं, इथे मीटरमागे वापर भरपूर असतो. वाइनरीत तर दुहेरी लाभ आहे : आंबवण्याच्या टाक्या थंड करणारा चिलर बाहेर टाकतो ती उष्णता बाटल्या आणि टाक्या धुण्याच्या पाण्याला देता येते. तुमच्या क्लबहाउसमध्ये जिमच्या शॉवरना मध्यवर्ती हीट पंप जरूर लावा, फक्त त्याची लाइन क्लबहाउसच्या भिंतीबाहेर नेऊ नका.

सल्लागारांना पुढच्या बैठकीत तीन आकडे लेखी मागा : एकूण पाइप किती मीटर, दिवसाला गळती किती युनिट, आणि त्या दिवशी घरांनी वापरलेली उष्णता किती युनिट. गळती वापराच्या एक पंचमांशाहून जास्त दिसली तर नकाशा परत करा. आणि खोदाई सुरू होण्यापूर्वी एवढं तपासून घ्या : प्रत्येक गटातल्या एका घराच्या वरच्या न्हाणीघरात नळ पूर्ण उघडून २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा, आणि बोअरच्या पाण्याचा जडपणा प्रयोगशाळेतून काढून आणा. बादली दोन मिनिटांहून जास्त घेत असेल तर प्लेटचा विचार प्रेशर पंपाशिवाय करू नका. हे दोन आकडे हातात आले की टाकी बंद फेऱ्याची की नळाच्या पाण्याची, हे ठरवता येईल.